बिनतारी सामानाचे घरचे नियम

"दारं उघडी का बंद?" हा प्रश्न काका दिवसातून दहा वेळा विचारायचे, आणि घराच्या दारांशी त्याचा काही संबंध नसायचा. चहाच्या गाड्यावर कुणी खिशातून मोबाइल काढला की विचारायचे. बँकेत विचारायचे. एकदा दर्शनाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या कानात वायर नसलेले हेडफोन दिसले, तर त्याच्या खांद्यावर बोटानं टकटक करून त्यालाच विचारलं. माणूस सोलापूरचा, नवस फेडायला आलेला, सकाळपासून उपाशी. त्यानं वळून यांच्याकडं नीट बघितलं आणि रांगेतली जागा सोडून मागं निघून गेला. काका मला म्हणाले, "बघ, घाबरला. म्हंजे उघडीच हुती."

नात्यानं ते माझे कुणी नव्हते. तुळजापुरात आमचा वडिलांपासूनचा लॉज आहे, त्याच्या समोर त्यांचं घर, मधे सहा फुटांची गल्ली. काका टेलिफोन खात्यात होते. आधी खांबावर, मग एक्सचेंजमध्ये. शेवटची नोकरी माकणीच्या बाजूला एका छोट्या एक्सचेंजवर झाली. लोकांनी मोबाइल घेतले, कनेक्शनं परत केली, आणि एक दिवस ते बंद करायचा हुकूम आला. "फ्यूज म्याच काढला," असं ते सांगायचे, आणि हे सांगताना कायम स्वतःच्या उजव्या हाताकडं बघायचे. रिटायर झाले तरी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असायचा. मोबाइल आयुष्यात घेतला नाही. टीव्हीच्या रिमोटचे सेल पहिल्याच दिवशी काढून ठेवले आणि चॅनेल बदलायला दर वेळी उठायचे. काकू वैतागायच्या, "गुडघं दुखत्यात म्हणून वरडायचं आन् पाच-पाच मिंटाला उठायचं. ह्यांच्या डोस्क्यात कोण भरवतंय ह्ये?" भरवणारं कुणी नव्हतं. ते आपले आपणच भरलेले होते.

मी लॉजच्या काउंटरशेजारी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, म्हाताऱ्यांचा हयातीचा दाखला, असलं काम. म्हणजे काकांच्या लेखी दिवसभर दारं उघडी टाकून बसणारा मी. तरी आमचं जमलं, ते खेळामुळं. आणि त्या खेळातला एक डाव मी जिंकलो नसतो तर काका आज समोरच्या ओट्यावर बसलेले असते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मला ते सांगवेल की नाही, माझा भरवसा नाही.

नोकरीत असताना खात्यानं काकांना ट्रेनिंगसाठी पुण्याला धाडलं होतं. तिथं खोलीत एक तरुण इंजिनियर होता. तो जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागं टाकून गेला. काकांनी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन वर्षं वाचलं. खेळाचं पुस्तक होतं ते, सायबरपंक. टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि ‘आता मी असं करतो’ म्हणत पुढं जायचं. जग पुढच्या शतकातलं. कंपन्यांचं राज्य, माणसांच्या अंगात यंत्रं, यंत्रांना बिनतारी फाटे, आणि त्या फाट्यांतून आत घुसणारे हॅकर. काकांनी ते सगळं उचलून आपल्या जिल्ह्यात आणलं. त्यांच्या गोष्टीत तेरणेचं धरण एका कंपनीनं घेतलेलं होतं आणि अंगठा दाखवल्याशिवाय लोहाऱ्याला घोटभर पाणी सुटत नव्हतं. जळकोटच्या नाक्यावर उडती यंत्रं हायवेवरच्या प्रत्येकाच्या मानेतली चिप वाचायची. आमच्या लॉजच्या खोल्या डोळा दाखवून उघडायच्या. देवी मात्र होती तिथंच होती. तिला काका हात लावत नसत.

गोष्ट चालवणाऱ्याला ते ‘ऑपरेटर’ म्हणत, आणि ऑपरेटर कायम तेच. खेळायला मी आणि सलीम. सलीमचं स्टँडच्या रस्त्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आणखी बरेच जण येऊन गेले, टिकला कुणी नाही, कारण काका बोलायचे फार. खेळ बुधवारी दुपारी. मंगळवारची गर्दी उतरलेली असते, खोल्या रिकाम्या, चादरी गच्चीवर वाळत घातलेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोन पलंगांच्या मधे टेबल ओढायचं आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत बसायचं.

पुस्तकातलं बाकी सगळं काकांना पटायचं, पण हॅकिंगचं प्रकरण आलं की त्यांचं डोकं फिरायचं. पुस्तकात हॅकर आपला लांब गाडीत बसून फासे टाकतो, अर्धा अर्धा तास, आणि तिकडं त्याचे सोबती गोळ्या खात असतात. "ह्ये ज्यानं लिवलंय," काका म्हणायचे, "त्यो जन्मात कधी खांबावर चढल्याला न्हाय. फॉल्ट काढायचा तर फॉल्टपाशी जावं लागतंय." म्हणून त्यांनी पुस्तकातलं ते प्रकरण रद्द केलं आणि घरचे नियम केले. एक्सचेंज बंद होताना तिथली एक कोरी तक्रारवही ते घरी घेऊन आले होते. तक्रार, कारण, उपाय असे छापलेले तीन रकाने. नियम त्याच रकान्यांत लिहिले. कोणता खेळाडू कधी काय चुकला, ही तक्रार. का चुकला, हे कारण. आणि त्यावरचा नियम म्हणजे उपाय.

बिनतारी सामानाबद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुमच्या बंदुकीला, चष्म्याला, लोखंडी हाताला वायरलेस चालू ठेवा, दोन गुण जास्तीचे घ्या. पण मग त्याला दार आहे, आणि दारातून कुणीही येईल. वायरलेस बंद करा, जास्तीचं काही मिळणार नाही, पण दारही नाही. प्रत्येक प्रसंगाआधी ते विचारणार, दारं उघडी का बंद, आणि ज्यानं उत्तर दिलं नाही त्याची उघडी धरणार. सलीम एकदा गप्पांच्या नादात उत्तर द्यायचा राहिला. कंपनीच्या हॅकरनं त्याचा यांत्रिक हात ताब्यात घेतला आणि त्या हातानं माझा गळा दाबला. सलीम पेटला. "काका, ये कैसा रूल है? हात मेरा है ना?"

"हात तुजा. दार त्याचं," काका म्हणाले आणि वहीत लिहायला लागले. सलीम पुढचे दोन बुधवार दुकान बंद करून खेळायला आलाच नाही.

फासे म्हणजे फोडून घासलेले चिंचोके, सहा. पांढरे किती पडले ते मोजायचे. पण हॅकिंगला चिंचोके नव्हते, आणि हा त्यांचा सगळ्यात आवडता नियम. हॅकरनं एकेक पाऊल तोंडानं सांगायचं. कुठून गेलो, कुणाला काय सांगितलं, कुठली वायर कुठं लावली. ऑपरेटरनं भोक शोधायचं. भोक सापडलं तर हॅकर पडला. सापडलं नाही तर आत घुसला, नशिबाचा प्रश्नच नाही. "पक्क्या इचाराला चिंचोकं कशाला?" ते म्हणायचे. मी या खेळात चांगला होतो. शाळेत, कॉलेजात, धंद्यात कशातच मी चांगला नव्हतो, पण त्या खोलीत मी सांगायला लागलो की काका डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी भोक सापडलं नाही की टेबलावर हात आपटून "घुसला!" म्हणून ओरडायचे. पस्तिशी ओलांडलेल्या माणसानं अशा शाबासकीसाठी आठवडाभर वाट बघावी, यात लाज वाटण्यासारखं आहे. मी बघायचो.

गल्लीवरून काकांनी एक तारही ओढली होती, त्यांच्या ओसरीवरून थेट आमच्या काउंटरपर्यंत. दोन्ही टोकांना खात्यातले भंगारात निघालेले फोन, हँडल फिरवायचे. खेळाची वेळ झाली की हँडल फिरवून बोलवायचं. लोक हसायचे, वडीलही हसायचे. मग एका कोजागिरीला, सोलापूरहून चालत आलेल्या गर्दीनं गाव भरलेलं असताना, नऊ नंबरच्या खोलीतल्या एका म्हातारीच्या छातीत कळ आली. सकाळचे दहा वाजलेले. तिच्या मुलाचा फोन लागेना, माझा लागेना, कुणाचाच लागेना. एवढ्या लोकांच्या मोबाइलनी टॉवर बसला होता. मी हँडल फिरवलं. काकांनी उचललं, आणि त्यांच्या घरामागं राहणाऱ्या डॉक्टरला बनियनवर घेऊन आले. म्हातारी वाचली. त्यानंतर गल्लीत कुणी तारेला हसलं नाही, आणि मी काकांचं म्हणणं टेबलाबाहेरही खरं धरायला लागलो. तिथं माझं चुकलं असं आता वाटतं, पण त्या सकाळी ते बरोबर होते हेही खोटं नाही.

मग त्यांना चक्कर यायला लागली. एकदा ओट्यावर, एकदा दळण आणताना भर रस्त्यात. त्यांची मुलगी, आमच्या ताई, सोलापूरला बँकेत आहेत, त्यांनी तिकडं नेऊन तपासण्या केल्या. हृदयाचे ठोके मधेच थांबत होते. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत यंत्र बसवलं, त्यातून एक बारीक तार हृदयात सोडली. यंत्र तारेतून ठोका देणार, हृदय चालणार. घरी येताना सोबत एक पांढरी पेटी दिली, जेवणाचा डबा असतो तेवढी. ती उशाशी प्लगमध्ये लावून ठेवायची. छातीतलं यंत्र बिनतारी पेटीशी बोलणार, पेटी रोज रात्री मोबाइलच्या टॉवरवरून दवाखान्याला कळवणार, यंत्राचं आणि तारेचं सगळं ठीक आहे का. बिघाड दिसला तर दवाखान्यातून फोन येणार. काकांकडं मोबाइल नाही, मुलीला बँकेत फोन घेता येत नाही, म्हणून तिथं नंबर माझा दिला होता.

ताईंनी पेटी लावली, दिवा हिरवा झालेला बघितला, चार वेळा बजावलं आणि गेल्या. त्यांची बस स्टँडातून निघायच्या आत काकांनी प्लग काढला.

काकूंनी हँडल फिरवून मला बोलावलं. मी गेलो तर काका पलंगावर बसलेले, शर्टाचं वरचं बटण उघडं, पट्टीवर हात ठेवलेला. "माझ्या छातीत दार बसवलंय त्यांनी," म्हणाले. "मला न इचारता."

"काका, हा खेळ नाही. पेटी लावा."

"त्याला दार हाय का न्हाय, तेवढं सांग."

"आहे. पण कोण येणार तुमच्यात? कशाला येईल कुणी?"

"कोण येतंय त्याचा हिशेब न्हाय. दार हाय म्हंजे हाय." मग शर्टाचं बटण लावत म्हणाले, "जास्तीचं दोन गुण मला नकोत. जे हाय त्यात चालवतो."

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. "तुझं ऐकत्यात रे ते. बापजन्मात माझं ऐकलं न्हाय. तू सांग." मी सांगत राहिलो. काकू आत गेल्यावर शेवटी काकांनीच तोडगा काढला. टेबलावर सिद्ध करायचं. गोष्टीत एक म्हातारा, छातीत यंत्र, उशाशी पेटी. मी कंपनीचा हॅकर, सलीम म्हाताऱ्याचा राखणदार, काका ऑपरेटर. मला तीन फेऱ्या. तीन फेऱ्यांत मी आत घुसू शकलो नाही, तर पेटी मरेपर्यंत चालू ठेवायची. घुसलो, तर बंद. "भवानीच्या पायरीची शपथ," ते म्हणाले. काका शपथ घेत नसत. घेतली म्हणजे पाळणार, हे मला माहीत होतं, आणि मला एवढं सोपं काम मिळालं म्हणून मी मनात हसलो. फक्त हरायचं होतं.

बुधवारी काका प्रत्येक वळणावर दम खात जिना चढले. ते वर पोचायच्या आधी सलीमनं माझा दंड धरला. "भाई, आज हारना है. दिमाग नै लगाने का. बस."

"माहीत आहे."

पहिल्या फेरीत मी गावाबाहेरच्या टॉवरवरून घुसायचा प्रयत्न केला. जवळ गेल्याशिवाय काही होत नाही, हा त्यांचा पहिला नियम. लगेच पडलो. दुसऱ्या फेरीत दूधवाला होऊन दाराशी गेलो. सलीमनं दार अडवलं. "दूध कल से बंद किया," तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. माझ्याकडं उत्तर तयार होतं, मी ते गिळलं आणि पडलो म्हणालो.

काका हसले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर मला चाललं असतं. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्यासमोर म्हातारा झालो होतो. त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली. "बरं," म्हणाले, "तिसरी फेरी नगं. लावतो पेटी आजपासनं." आणि पलंगाच्या कडेला हात टेकून उठायला लागले.

संपलं होतं. पेटी लागणार होती, त्यांनी तोंडानं सांगितलं होतं. मला गप्प बसायचं होतं, आणि आयुष्यात गप्प बसणं मला कधी जड गेलेलं नाही. पण त्यांचं ते उठणं बघवेना. ते मला आता सोडून देत होते, टिकले नाहीत त्या बाकीच्यांसारखं.

"थांबा काका," मी म्हणालो. "एक फेरी राहिली आहे."

टेबलाखालून सलीमनं नडगीवर लाथ घातली. मी पाय मागं घेतला.

मी सांगायला लागलो. कंपनीचा माणूस दिवसाढवळ्या येतो. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, बॅगेत लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र. म्हाताऱ्याच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला घ्यायला आलोय म्हणतो. माझ्या सामानाची सगळी दारं बंद, तपासून घ्या. सलीम म्हणाला, "मैं अंदर नै छोडता." काकांनी विचारलं, "का सोडत न्हाईस? कारण सांग." सलीमला कारण सापडेना. मी म्हणालो, "काका, तुम्ही जिवंत आहात असं सरकारला कळवायला आलेल्या माणसाला कोण अडवणार?"

काकांनी डोळे मिटले. मी तिथंही थांबू शकलो असतो. म्हातारा पलंगावर, त्याला उठवत नाही, म्हणून मी उशाशी बसतो. लॅपटॉपची बॅटरी उतरलेली. खोलीत प्लग एकच, पेटीचा. दोन मिनिटं काढू का, आजोबा? काढतो. छातीतल्या यंत्राला पेटी सापडेनाशी होते, ते पेटी शोधायला लागतं, आणि तेवढ्यात मी बॅगेतल्या सामानाचं दार उघडतो, ते ‘मीच पेटी’ म्हणून उत्तर देतं. मग अंगठा घेतो, दाखला काढतो, पेटी परत लावतो, पाया पडतो आणि जातो. यंत्र आता माझं ऐकतंय.

काकांनी मिटल्या डोळ्यांनीच दोन पावलं परत सांगायला लावली. प्लग एकच का, असं विचारलं. मी म्हणालो, तुमच्याच खोलीत एक आहे. मग त्यांनी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की चिंचोके खाली सांडले. "घुसला! अरं, दाखला घ्यायला येऊन घुसला!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. असला डाव जन्मात बघितला नाही म्हणाले. मी खाली वाकून चिंचोके गोळा करत होतो, आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला फार बरं वाटत होतं.

जिन्यात सलीम एवढंच म्हणाला, "तेरेकू हारने बोला था ना?" त्यानंतर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भानावर आलो आणि काकांकडं गेलो. म्हणालो, खऱ्या पेटीला कुलूप असतं, यंत्र कुणा परक्याला असं ओळखत नाही, टेबलावर आपण ते धरलंच नव्हतं. तेच भोक होतं.

"मग त्याच येळंला का बोलला न्हाईस?"

मी नजरेनं पेटी शोधायला लागलो.

"तू हरला असतास तर म्या लावली असती," ते म्हणाले. "आता न्हाय लावत. शब्द म्हंजे शब्द." पेटी वायर गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती. ताई यायच्या त्या दिवशी ते ती उशाशी लावून दिवा हिरवा करायचे, संध्याकाळी ताई गेल्या की पुन्हा कपाटावर.

दवाखान्यातून मला फोन आला. पोरगी होती, आवाज लहान. पेशंटच्या पेटीचा डेटा येत नाही म्हणाली. खरं सांगितलं असतं तर ताई आल्या असत्या, भांडल्या असत्या, आणि पेटी कशानं बंद झाली हे मला सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "आमच्याकडं लाइट जाते हो. रेंजपण नसते. बघतो." पुढच्या पंधरवड्यात तिचा परत फोन आला, मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आला नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी काका नळावर पाणी भरताना पडले. काकूंनी हँडल फिरवलं. मी आणि सलीम त्यांना सलीमच्या मेव्हण्याच्या गाडीतून सोलापूरला घेऊन गेलो. श्वास होता, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. डॉक्टरांनी छातीतलं यंत्र तपासलं होतं. ताईंना आणि मला एका बाजूला बोलावून त्यांनी सांगितलं की यंत्र चांगलं होतं. हृदयात गेलेली तार तुटली होती. एकदम नाही, हळूहळू. गेले चाळीसेक दिवस यंत्र ते नोंदवत होतं, रोज कळवायला बघत होतं. कळलं असतं तर तार बदलता आली असती, मोठं काम नव्हतं.

आयुष्यभर त्यांनी बिनतारीचा संशय धरला आणि तारेवर विश्वास ठेवला. हे मी डॉक्टरांसमोर उभा असताना माझ्या डोक्यात आलं, आणि तेव्हापासून गेलेलं नाही.

ताईंनी विचारलं, "पेटी तर चालूच होती ना रे? मी बघायचे तेव्हा तर हिरवी असायची."

मी म्हणालो, "लाइट जाते ताई आपल्याकडं."

त्या दवाखान्याच्या बाकावर बसून रडल्या. इन्व्हर्टर घेऊन द्यायला हवा होता, माझंच चुकलं, असं म्हणत राहिल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं.

काकूंना त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही. वय झालं होतं, देवीनं नेलं, एवढंच काकूंना माहीत. तेरावा झाला, ताई सोलापूरला गेल्या, आणि एके दिवशी काकूंनी मला बोलावलं. पेटी दवाखान्याला परत द्यायची होती, ती माझ्या हातात दिली. मग ती तक्रारवही काढली. "ह्यात काय लिवलंय ते मला कधी समजलं न्हाय," म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, आन् ह्यांचं अक्षर म्हंजे मुंग्या. शेवटचं काय लिवलंय, तेवढं वाच."

मी वही उघडली. शेवटच्या नोंदीवर तारीख त्या बुधवारची होती. मनात आलं, काहीतरी दुसरं वाचावं. त्यांना कुठं कळणार होतं? पण काकू समोर मांडी घालून, डोळे मिटून बसल्या होत्या, आणि मला आणखी एकदा खोटं बोलवेना. मी वाचलं. तक्रार : छातीतल्या यंत्राला उशाच्या पेटीतून दार आहे. कारण : हे आमच्या समोरच्या मुलानं दाखवून दिलं, आणि पुढं माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पुष्कळ बघितलं, एकही भोक सापडलं नाही. उपाय : पेटी कायमची बंद.

काकूंनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "म्हंजे तुज्या म्हणण्यावरनं बंद केली व्हय पेटी?"

"व्हय काकू."

आता त्या काय म्हणतील त्याची मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. म्हणाल्या असत्या तर ताईंना तिथूनच फोन लावला असता.

"म्या रोज हात जोडायची, लावा म्हणून," काकू म्हणाल्या. "एवढ्या वर्सांत माझं एक ऐकलं न्हाय त्यांनी. लेकीचं ऐकलं न्हाय. मला वाटायचं, ह्यो माणूस कुणाचंच न ऐकता जाणार." त्यांनी पदरानं डोळे पुसले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं झालं बाबा. शेवटाला तुजं तरी ऐकलं."

आणि मला बस म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.